आईनं सोडलेली शेजारीण

आमच्या आईनं एका वर्षी देवासाठी शेजारीण सोडली. हे सांगितलं की लोक आधी हसतात. ईस्टरआधीच्या उपवासकाळात लोक चहा सोडतात, मटण सोडतात, सिनेमा सोडतात. हल्लीची आमच्या चर्चच्या मंडळीतली मुलं चाळीस दिवस मोबाइल सोडतात आणि सोडल्याचं मोबाइलवरच सगळ्यांना कळवतात. पण जितंजागतं माणूस कुणी सोडतं का? आमच्या आईनं सोडलं, आणि तेव्हा मी दहा वर्षांची असूनही मला ते सगळं ठाऊक होतं. म्हणून ते मलाच सांगायला हवं.

आम्ही भोपाळला कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. वडील टर्नर. नगर जिल्ह्यातलं गाव सोडून नोकरीसाठी आले, क्वार्टर मिळाल्यावर लग्न करून आईला घेऊन आले. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणाला कमरेएवढी भिंत. वसाहतीत आमचं एक छोटं चर्च होतं. मंडळीत केरळचे लोक होते, छत्तीसगडचे, रांचीकडचे, तमिळ. एकमेकांशी बोलायला हिंदी, म्हणून देवाशीही हिंदीच. आईचं हिंदी पंधरा वर्षांनंतरही भाजीवाल्याशी भांडण्यापुरतंच राहिलं. देवाला सगळ्या भाषा कळतात हे तिला मान्य होतं. तिची अडचण अशी की हिंदीत प्रार्थना करताना आपण काय बोलतोय ते तिचं तिलाच कळत नसे.

तिचे वडील गावच्या शाळेत शिक्षक होते आणि रविवारी तेच उपासना चालवायचे. कौलारू चर्च, खाली सारवलेली जमीन, पंचवीस-तीस माणसं. आई सांगायची, तिथे डोळे मिटले की उघडावेसे वाटायचे नाहीत. प्रार्थना लागायची, असा शब्द ती वापरायची, झोप लागते म्हणतो तसा. एकदा तर सगळे घरी गेले तरी ती तशीच बसून राहिली होती आणि आजोबांनी तिला उचलून आणलं होतं. दुसऱ्या बायका माहेरच्या विहिरीबद्दल, आंब्याबद्दल बोलतात, आमची आई त्या प्रार्थनेबद्दल बोलायची. भोपाळला आल्यावर ती एकदाही तशी लागली नाही. तिच्या आयुष्यात तिला हवं असलेलं आणि न मिळालेलं असं एवढं एकच होतं, असं मला वाटतं. साड्या-दागिन्यांचं तिला काही नव्हतं.

मग भिंतीपलीकडच्या क्वार्टरमध्ये काकू आल्या. नागपूरकडच्या, त्यांचे यजमान कारखान्याच्या टाइम ऑफिसात. सामान उतरवतानाच त्यांनी भिंतीवरून आईला विचारलं, "काय करून राहिली वं माय? पाणी केव्हा येते इथं?" आई तवा तसाच ठेवून भिंतीशी गेली ती पोळी जळेपर्यंत परत आली नाही. त्या दिवशी आम्ही दुपारी भात खाल्ला.

तेव्हापासून रोज दुपारी तीन वाजता दोघी भिंतीशी. घरचं आवरून झालेलं असे, आणि साडेतीनला पहिल्या पाळीचा भोंगा वाजून दोघींचे नवरे सायकली काढेपर्यंत अर्धा तास त्यांचा असे. काकू त्यांच्या बाजूला उलट्या बादलीवर बसायच्या, आई आमच्या पायरीवर. चहा भिंतीवर. काकूंकडे गणपती, सत्यनारायण, चातुर्मास सगळं साग्रसंगीत. आमच्याकडे रविवार आणि ख्रिसमस. त्यावरून दोघींचं कधी वाजलं नाही. काकू हळदीकुंकवाला आईला बोलवायच्या, कुंकू पुढे करायच्या नाहीत, ओटीत नुसतं फळ घालायच्या. आई डिसेंबरात करंज्यांचं ताट भिंतीवरून पाठवायची. त्या अर्ध्या तासात त्या इतक्या बोलायच्या की मला नवल वाटे, कारण घरात आई फारशी बोलत नसे. काकू तर आईला एक वाक्य पुरं करू द्यायच्या नाहीत, मध्येच बोलायच्या. वडील गमतीनं म्हणायचे, "माझ्या वाटणीचं सगळं तिकडं खर्च होतं."

चर्चमध्ये मंगळवारी महिला संगती असे. पाळकसाहेबांच्या बायकोनं त्या वर्षी एक नवी रीत सुरू केली. उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकीनं एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायची, मनाला सगळ्यात जास्त ओढणारी. नाव घालायचं नाही. चिठ्ठी बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकायची आणि चाळीस दिवस ती गोष्ट सोडायची. काय सोडलं ते कुणाला सांगायचं नाही. ईस्टरच्या पहाटे चिठ्ठ्या न वाचता जाळून टाकायच्या. "बहनजी, दिल की चौकीदारी करनी है," त्या म्हणाल्या होत्या. "चोर किस दरवाज़े से आता है, पहले वो देखो."

बाकीच्या बायकांनी काय लिहिलं ते आठवडाभरात सगळ्यांना कळलं. एकीनं पान सोडलं होतं, ती दिवसभर बडीशेप चावायची. एकीनं साखर सोडली आणि ती सगळ्यांवर खेकसू लागली. आमच्या आईला मात्र कुठलीही गोष्ट अर्धवट घेता यायची नाही. ती चार दिवस विचार करत होती. मग कॅलेंडरच्या पानामागे काहीतरी लिहून तिनं तो कपटा शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, पानांत ठेवला. मी अर्थातच तो काढून वाचला. त्यावर एकच शब्द होता, शेजारीण.

आई गहू निवडत बसली होती. करोंदच्या मंडीतून वडील वर्षाचे गहू एकदम आणायचे आणि ते निवडणं महिनाभर चालायचं. मी कपटा घेऊन तिच्यासमोर उभी राहिले.

"काकूंना कसं सोडणार? त्या काय चहा आहेत?"

मला वाटलं ती रागावेल. तिनं कपटा काढून घेतला, पुन्हा घडी घातली आणि सूप बाजूला ठेवलं.

"मी डोळे मिटते ना, तर मला वाटतं, हे हिला सांगायला पाहिजे. मग वाटतं, ते पण सांगायचं राहिलं. अर्धा तास मी तिच्याशीच बोलत असते गं. शेवटी आमेन म्हणते. कुणाला म्हणते कुणास ठाऊक."

"मग काय झालं?"

"मला ते परत पाहिजे. लहानपणीचं." तिचा आवाज इतका बारीक झाला की मला कसंतरीच वाटलं. "चाळीस दिवसच आहेत. कुणाला सांगायचं नाही, समजलं? देवाशी कबूल केलेलं आहे."

मी मान हलवली. आईनं माझ्यावर एवढं मोठं गुपित सोपवलं, या फुशारकीत मला बाकी काही दिसेना.

पहिल्या दिवशी तीन वाजता आईनं मागचं दार लावलं आणि आतल्या खोलीत गुडघे टेकले. काकूंनी भिंतीवर कपाचा आवाज केला. मी ठरल्याप्रमाणे बाहेर गेले आणि म्हणाले, "आई प्रार्थनेला बसलीय."

"बरं, बसू दे," काकू म्हणाल्या. दोन कप आणले होते, दोन्ही परत घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "रोजच बसते का आता?" मी हो म्हणाले. नळावर गाठ पडली तर आई "बरंय ना?" एवढंच विचारून घागर उचलायची. रेशनच्या रांगेत काकू दिसल्या की ती मला पुढे करायची आणि स्वतः मागे राहायची. दुसऱ्या आठवड्यात भिंतीवरून पुडाच्या वड्या आल्या, कोथिंबीर ठासून भरलेल्या. आईला त्या जीव की प्राण. तिनं ताट माझ्यापुढे सरकवलं, आणि मी तिच्याही वाटणीच्या खाल्ल्या. रिकामं ताट परत देताना त्यात काहीतरी घालायची आमच्याकडे पद्धत. आईनं गूळ घातला आणि माझ्या हाती पाठवलं. आधी ती असं ताट स्वतः नेऊन द्यायची.

प्रार्थना लागत होती का? मी दाराच्या फटीतून बघायची. ती गुडघ्यावर असायची, पदर डोक्यावर, डोळे घट्ट मिटलेले. इतके घट्ट की कपाळाला आठ्या पडायच्या. भोंगा वाजला की ती उठायची आणि तिचा चेहरा दळण दळून आल्यासारखा दमलेला असायचा. मला वाटायचं, देवाकडून आलेलं माणूस असं दिसतं की काय. पण मी विचारलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात काकूंनी मला भिंतीशी बोलावलं. त्यांच्या हातात पीठ होतं, ते तसंच वाळत चाललं होतं.

"ए पोट्टी, खरं सांगजो. हळदीकुंकवाले बोलावलं म्हणून तुह्या मायले राग आला का? चर्चवाले काई म्हणाले का तिले?"

"नाही."

"मंग मी काई बोलली का? मले आठवून नाई राहिलं."

मला सगळं माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणाले, "मला नाही माहीत, काकू." त्या हातावरचं वाळलेलं पीठ खरवडत आत गेल्या. त्यानंतर भिंतीवर कपाचा आवाज झाला नाही.

ईस्टरच्या आधीच्या बुधवारी काकूंनी पुन्हा मला हाक मारली. यजमानांची बदली झाली होती, दक्षिणेकडच्या दुसऱ्या कारखान्यात. वसाहतीत अशा बदल्या व्हायच्या, लोक चार-आठ दिवसांत सामान बांधायचे. "मायले सांगजो, शनिवारी ट्रक येऊन राहिला. सकाळीच निघतो आम्ही." यावेळी मी लगेच आईला जाऊन सांगितलं. ती भांडी घासत होती. तिनं राखेनं भरलेल्या हाताची बोटं मोजली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. रविवारी पहाटे चिठ्ठ्या जाळायच्या होत्या.

संध्याकाळी ती वडिलांशी बोलली. तिनं कारण सांगितलं नाही, पण वडील काही दुधखुळे नव्हते. इतके दिवस मागचं दार बंद बघत होते.

"जाऊन ये की," ते म्हणाले. "देव काय टाइम ऑफिसात बसलाय हजेरी लावायला?"

"लिहून दिलंय मी."

"मग खोड ते."

"ती जाते त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुटतंय," आई म्हणाली. "एका दिवसासाठी मोडलं, तर मग एवढे दिवस कशासाठी केलं?"

वडील सायकलीची चेन साफ करायला बसले. माझा त्यांच्यावर आजही राग आहे, त्यांनी तिला दंडाला धरून भिंतीपलीकडे न्यायला हवं होतं. आईवर मी खूप वर्षं राग धरून बघितला, मला ते जमलं नाही.

शनिवारी सकाळी सातच्या सुमाराला ट्रक आला. मी फाटकातून पळत काकूंच्या दारात गेले. पलंग चढला, गोदरेजचं कपाट चढलं, तुळशीची कुंडी गोणपाटात गुंडाळून ड्रायव्हरच्या पायाशी ठेवली. काकू मागून जीपनं स्टेशनवर जाणार होत्या. जीपमध्ये बसायच्या आधी त्यांनी मला जवळ घेतलं. "मायले म्हणजो, माह्यं काई चुकलं असन त माफ करजो म्हणा." आणि मग त्या माझ्या डोक्यावरून आमच्या क्वार्टरकडे बघू लागल्या, म्हणून मीही वळले.

आई फाटकाशी आली होती. तिनं कडी धरली होती. पंधरा पावलांचं अंतर असेल. काकूंनी हात वर केला. मला वाटलं, आता आई फाटक उघडणार. आईनं डोळे मिटले. भर रस्त्यात, सकाळच्या उन्हात, लोक बघत असताना, तिनं आतल्या खोलीत मिटायची तसे डोळे घट्ट मिटून घेतले आणि तिचे ओठ हलू लागले. काकूंचा हात तसाच थोडा वेळ वर राहिला. मग त्या जीपमध्ये बसल्या.

आईनं डोळे उघडले तेव्हा रस्त्यावर मी एकटीच होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे चर्चच्या मागे शेगडीत चिठ्ठ्या जळल्या. पाळकसाहेबांच्या बायकोनं प्रत्येकीला मिठी मारली. बायका खुशीत होत्या, पान सोडलेलीनं तिथल्या तिथे पान काढलं. घरी येऊन आईनं सणाचा स्वयंपाक केला आणि तीन वाजता मागचं दार उघडून पायरीवर जाऊन बसली. पलीकडच्या दाराला कुलूप होतं. मी तिच्याशेजारी बसले.

"लागली का गं?" मी विचारलं.

"एक दिवस नाही," ती म्हणाली. "चाळीस दिवस मी नुसती तिला बाहेर काढत बसले होते. देवाकडे बघायला वेळच झाला नाही." आणि मग ती रडली. मोठ्यानं नाही, पण रविवार म्हणून भोंगा नव्हता, आणि वडील बाहेरून येऊन सायकल लावून आत आले तरी ती थांबली नव्हती. वडिलांनी त्या दिवशी चहा स्वतः केला.

पत्र पाठवायचं तिच्या मनात येईपर्यंत पावसाळा लागला. वडिलांनी टाइम ऑफिसातून पत्ता आणला. आईनं तीन वेळा लिहून फाडलं. मी म्हणाले, तब्येतीचं लिही, पुढचं आपोआप होईल. ती म्हणाली, एकदा लपवलं तेवढं पुरे. शेवटी तिनं चिठ्ठीचं, डब्याचं, चाळीस दिवसांचं सगळं खरं लिहिलं. मी बाजूला बसून बघत होते. देवासाठी तुम्हाला सोडलं होतं, हे लिहिताना तिनं पेन दोनदा खाली ठेवला.

उत्तर महिन्याभरानं आलं. काकू बोलायच्या तशाच लिहायच्या. आधी नव्या गावाचं होतं, तिथं सांभाराशिवाय कुणाचं पान हलत नाही आणि मराठी बोलायला भिंतही नाही असं. मग खाली लिहिलं होतं, "आम्ही चातुर्मासात वांगं सोडतो. तू मले सोडलं. वाचून मी हासली अन् मंग हासू नाई आलं. मी घरात ह्यांच्याशी भांडली होती, की आपण काई बोललो असन म्हणून ती येत नाई. तू मले सांगितलं असतं, त मी पण तुले सोडलं असतं चाळीस दिवस. तू तिकडं बसली असती डोळे मिटून, मी इकडं माळ घेऊन बसली असती भिंतीले टेकून. तुह्या देवाले काई हरकत होती का?"

आईनं ते पत्र मला वाचून दाखवलं नाही. माझ्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात गेली. मी ते वाचलं आणि मला काकूंचे पीठ वाळलेले हात आठवले, आणि मी म्हणाले होते ते, मला नाही माहीत, काकू. आई निदान देवाला घाबरून गप्प राहिली होती. मी गुपित राखण्याच्या तोऱ्यात गप्प राहिले होते. आमच्यापैकी कुणीही तोंड उघडलं असतं, तर त्या दोघी भिंतीच्या दोन बाजूंना पाठ टेकून चाळीस दिवस बसल्या असत्या. मला अजूनही ते दृश्य डोळ्यांपुढे येतं. जे कधी झालंच नाही, त्याची इतकी आठवण कशी येते, ते मला सांगता येत नाही.

पत्रं काही वर्षं चालली. काकूंच्या यजमानांची आणखी एक बदली झाली, मग पत्ता बदलला, मग दिवाळीचं एक कार्ड परत आलं. तोवर वडील निवृत्त झाले होते. क्वार्टर सोडून आम्ही भोपाळमध्येच कोटरा सुल्तानाबादला छोटं घर घेतलं. माझा धाकटा भाऊ जवळच्या मंडीदीपला नोकरीला लागला, मी शाळेत शिकवू लागले, माझं लग्न झालं. नवरा गेल्यावर मी आईजवळच राहायला आले.

त्या ईस्टरनंतर आईनं महिला संगतीत पुन्हा कधी चिठ्ठी टाकली नाही. डबा पुढे आला की ती बाजूला बसलेल्या बाईकडे सरकवून द्यायची. पण तीन वाजता ती बसायची, शेवटपर्यंत. फक्त आता दार उघडं असायचं, गुडघे दुखायचे म्हणून खुर्चीत, आणि डोळेही उघडे. ती मोठ्यानं बोलायची. देवाला सांगायची की मेथी निवडून ठेवलीय पण मुलीला वेळ नाही. समोरच्यांच्या सुनेला दिवस गेलेत, तिला उलट्या फार होतात. डॉक्टर गुडघ्याचं ऑपरेशन म्हणतो, तुला काय वाटतं? नळाला आज पाणी आलंच नाही. चष्मा सापडत नव्हता तो देव्हाऱ्यात, म्हणजे शास्त्राच्या कप्प्यात निघाला. देव्हारा हा शब्द तिच्या तोंडात काकूंचा राहिला होता. मी दुसऱ्या खोलीत वह्या तपासत असायची. सुरुवातीला मला हसू यायचं. मग मला ते ऐकायची सवय लागली, आणि तिचा आवाज थांबला की मी उठून बघायला जायची.

एकदा मी तशीच गेले. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"आता लागते का गं प्रार्थना?" मी विचारलं. त्या ईस्टरनंतर पहिल्यांदाच.

"लागते," ती म्हणाली. "काही राखून ठेवत नाही आता. सगळं सांगते, आणि तो ऐकतो. खरंच ऐकतो."

मी खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला.

"पण मध्येच बोलत नाही गं," ती म्हणाली.